माणूस कोणाचा आणि गुन्हा कुठला?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयात एक साक्ष सुरू झाली. साक्षीदार न्यायालयात उपस्थित नव्हता. तो अमेरिकेत तुरुंगवास भोगत होता आणि तेथूनच पडद्यावर दिसत होता. त्याला प्रश्न विचारणारे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम हे जळगावचे. साक्षीदाराचे नाव डेव्हिड हेडली. २६ नोव्हेंबर २००८ च्या ज्या हल्ल्यात १६६ माणसांचे प्राण गेले, त्या हल्ल्यासाठी मुंबईत वारंवार येऊन ठिकाणांची टेहळणी करणारा हाच तो इसम. त्या आठवड्यात खानदेशातील घराघरांत ती बातमी थोड्या अधिक आपुलकीने वाचली गेली असेल, तर त्यात नवल नाही.

पण बातमी वाचताना एक प्रश्न अनेकांच्या मनात आला असणार. गुन्हा मुंबईत घडला, मेलेली माणसे मुंबईत मेली, खटलाही मुंबईत चालू आहे. मग हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात न दिसता पडद्यावर का? भारताने त्याला मागितले नव्हते काय? मागितले होते. अमेरिकेने दिले नाही. तो अमेरिकी नागरिक होता म्हणून दिले नाही, असा समज त्या काळी पुष्कळांचा झाला. तो समज पूर्णपणे खरा नाही. तो का खरा नाही, हे समजून घेतले म्हणजे प्रत्यार्पण या विषयाची गुंतागुंत उलगडू लागते.

प्रत्यार्पण म्हणजे एका देशातील आरोपी किंवा शिक्षा झालेला गुन्हेगार दुसऱ्या देशाच्या आश्रयास गेला असता, त्याला रीतसर मागणी करून, न्यायालयीन चौकशीअंती परत मिळविणे. परका माणूस असेल तर प्रश्न तुलनेने सोपा असतो. खरी कसोटी लागते ती आश्रय घेणारा माणूस त्याच देशाचा नागरिक असतो तेव्हा. आपल्याच माणसाला परक्याच्या न्यायासनापुढे उभे करावे काय? या एका प्रश्नावर जगाचे दोन ठळक पंथ पडले आहेत.

पहिला पंथ इंग्लंड, अमेरिका आणि त्यांच्या कायद्याच्या वळणावर चालणाऱ्या देशांचा. त्यांचे म्हणणे असे, की गुन्हा जेथे घडला तेथेच त्याचा न्याय व्हावा. साक्षीदार तेथे, पुरावा तेथे, ज्याचे नुकसान झाले तोही तेथे. मग आरोपी कोणत्या देशाचा नागरिक आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही. दुसरा पंथ जर्मनी, फ्रान्स, ब्राझील, रशिया, चीन अशा देशांचा. नागरिक आणि राज्य यांच्यात एक करार असतो. नागरिकाने निष्ठा द्यायची, राज्याने संरक्षण द्यायचे. परक्या भाषेत, परक्या न्यायाधीशापुढे आपल्या माणसाला एकटे सोडणे हा त्या कराराचा भंग होय, अशी त्यांची धारणा आहे. जर्मनीच्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमातच ही मनाई आहे. इसवी सन २००० नंतर तिला युरोपीय संघातील देश आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय यांच्यापुरता अपवाद करण्यात आला. ब्राझीलची राज्यघटना आणखी सूक्ष्म भेद करते. जन्माने ब्राझीलचा असलेल्या नागरिकाला ती कधीच सोपवीत नाही. मात्र नंतर नागरिकत्व घेतलेल्या माणसाला त्यापूर्वीच्या गुन्ह्यासाठी सोपविता येते.

दुसऱ्या पंथाचा अर्थ गुन्हेगाराला मोकळे सोडणे असा मात्र नाही. डच विधिज्ञ ग्रोशियस याने १६२५ मध्येच एक सूत्र मांडले होते. ते थोडक्यात असे, की सोपवा, नाही तर शिक्षा करा. पुढे त्याचे रूप ‘सोपवा, नाही तर स्वतः खटला चालवा’ असे झाले. आपला माणूस द्यायचा नसेल तर त्याच्यावर आपल्या न्यायालयात खटला चालविण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. कागदावर हे सूत्र न्याय्य दिसते. प्रत्यक्षात हजारो किलोमीटरवरचे साक्षीदार, अनुवादित कागदपत्रे आणि तेथील यंत्रणेची उदासीनता यांत असे अनेक खटले विरून जातात.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण खानदेशाला हा प्रश्न नवा नाही. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगावला पूर्व खानदेशाचे आणि धुळ्याला पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. त्या काळी सातपुडा ओलांडला की होळकरांचे आणि बडवानीचे संस्थान लागे. अजिंठ्याचा घाट चढला की निजामाचा मुलूख सुरू होई. म्हणजे एका रात्रीत माणूस दुसऱ्या राज्यात जाऊ शकत असे. त्यासाठी १९०३ चा भारतीय प्रत्यार्पण कायदा होता. संस्थानात गुन्हा करून कोणी ब्रिटिश मुलखात पळून आला, तर संस्थानातील पोलिटिकल एजंट जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावाने वॉरंट काढी आणि त्या माणसाला पकडून परत पाठविले जाई. मात्र या तरतुदीत एक छोटे वाक्य होते. ती युरोपीय ब्रिटिश प्रजाजनाला लागू नव्हती.

त्या छोट्या वाक्यात सारे आले. खानदेशातील अनेक ओसवाल घराण्यांचे पूर्वज मारवाडातून आलेले. ते मूळचे जोधपूरसारख्या संस्थानांचे प्रजाजन, व्यापार मात्र ब्रिटिश खानदेशात. त्यांच्यापैकी कोणावर संस्थानात गुन्ह्याचा आरोप आला असता, तर त्याला धुळ्याहून किंवा जळगावहून खुशाल परत धाडता आले असते. गोऱ्या साहेबाला मात्र संस्थानी न्यायासनापुढे उभे करणे सरकारला मान्य नव्हते. आपल्या माणसाला परक्याच्या हाती न देण्याचे तत्त्व इंग्लंडने युरोपात नाकारले आणि हिंदुस्थानात गोऱ्या कातडीपुरते पाळले. नागरिकाचे संरक्षण हा शब्द जेव्हा जेव्हा उच्चारला जातो, तेव्हा ते संरक्षण कोणापासून आणि कोणासाठी, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मुंबईत एका तांदळाच्या सौद्यातून पुन्हा उभा राहिला. १९५१ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्यात तांदळाची टंचाई होती. मडगावच्या एका व्यापारी कंपनीने मुंबईच्या अडत्यामार्फत कराचीतील एका व्यापाऱ्याशी तांदळाचा सौदा केला. कराचीहून तारा आल्या, पत्रे आली, टेलिफोनवर बोलणी झाली. माल जहाजावर चढला आहे, अशी ग्वाही देण्यात आली. त्या भरवशावर मुंबईत साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम मोजली गेली. तांदळाचा एक दाणाही आला नाही. कराचीचा तो व्यापारी मुबारक अली अहमद पुढे इंग्लंडला गेला आणि तेथे दुसऱ्या एका प्रकरणात भारताच्या मागणीवरून पकडला जाऊन मुंबईत आणला गेला. येथे त्याच्यावर या फसवणुकीचाही खटला चालला.

त्याचा बचाव मोठा चतुर होता. आपण पाकिस्तानचे नागरिक आहोत, व्यवहाराच्या काळात मुंबईत पाऊलही टाकलेले नाही. तेव्हा भारतीय दंडसंहिता आपल्याला लागूच होत नाही. ६ सप्टेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. खोटे आश्वासन मुंबईत पोहोचले, त्यावर विश्वास मुंबईत ठेवला गेला, पैसे मुंबईत दिले गेले. म्हणून गुन्हा मुंबईत घडला. माणूस कोणत्या देशाचा आणि त्या वेळी त्याचे शरीर कोठे होते, याने फरक पडत नाही. आज परदेशात बसून मोबाइलवरून जळगावच्या निवृत्त शिक्षकाचे खाते रिकामे करणाऱ्या भामट्यांना जो न्याय लावला जातो, त्याचा पाया त्या तांदळाच्या सौद्यात घातला गेला आहे.

भारताची वाट मग कोणती? १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याने भारत मुख्यतः पहिल्या पंथाकडे झुकलेला आहे. परंतु प्रत्येक देशाशी झालेला करार वेगळे बोलतो. १९९७ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारात स्पष्ट म्हटले आहे, की मागितलेला माणूस आपला नागरिक आहे या कारणास्तव प्रत्यार्पण नाकारता येणार नाही. १९९९ च्या संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात नेमके उलट आहे. कोणताही देश आपला नागरिक सोपविणार नाही. मात्र प्रकरण आपल्या सक्षम यंत्रणेकडे खटल्यासाठी देईल. फ्रान्सशी झालेला करारही नागरिकाला न देण्याच्या बाजूचा आहे. भारताने एखाद्याला सोपविले नाही, तर त्याच्यावर येथेच खटला चालविण्याची तरतूद आपल्या कायद्याच्या ३४-अ या कलमात आहे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याची चौकशीही येथे होऊ शकते. मात्र त्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

भारताने आपला माणूस दिल्याचे उदाहरणही आहे. २००३ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरात हॅना फॉस्टर या तरुणीचा खून झाला. संशयित मनिंदरपाल सिंग कोहली भारतात पळून आला होता. मुलीचे आईवडील स्वतः भारतात आले, लोकांना आवाहन करीत फिरले आणि २००४ मध्ये तो दार्जिलिंग परिसरात सापडला. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००७ मध्ये भारताने त्याला इंग्लंडच्या हवाली केले. इंग्लंडला सोपविला गेलेला तो पहिला भारतीय नागरिक. २००८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ज्याने हे प्रकरण वाचले असेल, त्याला ‘आपला माणूस’ हा शब्द वापरताना क्षणभर थांबावे लागेल. त्या आईवडिलांच्या दृष्टीने तो कोणाचा माणूस, हा प्रश्नच नव्हता.

आता हेडलीकडे वळता येईल. अमेरिकेशी झालेला करार नागरिकत्वाची सबब मान्य करीत नाही. मग तो मुंबईला का आला नाही? कारण मार्च २०१० मध्ये त्याने अमेरिकी सरकारशी तडजोड केली. त्याने गुन्हा कबूल केला, तपासाला साहाय्य करण्याचे मान्य केले आणि त्याच्या बदल्यात त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्या हवाली न करण्याचे आश्वासन मिळाले. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि त्यानंतरच पडद्यावरची ती साक्ष शक्य झाली. त्याचा साथीदार तहव्वूर राणा हा कॅनडाचा नागरिक. त्याने अशी कोणतीही तडजोड केलेली नव्हती. अनेक वर्षे न्यायालयीन लढाई देऊनही एप्रिल २०२५ मध्ये त्याला दिल्लीला यावे लागले. एकाच कटाशी निगडित दोघांपैकी एक आला, दुसरा आला नाही. आणि त्याचे कारण पासपोर्टच्या रंगात सापडत नाही.

नागरिकत्वाची भिंत आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही, हे आणखी एका प्रकरणातून दिसते. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरविण्यास भाग पाडले गेले. विमानातील इतर लोक पकडले गेले. किम डेव्ही हे नाव धारण केलेला डॅनिश नागरिक नील्स होल्क मात्र मुंबईच्या विमानतळावरून निसटला. डेन्मार्क पूर्वी आपला नागरिक परदेशांना देत नसे. पुढे त्या देशाने कायदा बदलला. २०१० मध्ये तेथील सरकारने फाशी न देण्याची आणि शिक्षा डेन्मार्कमध्ये भोगू देण्याची अट घालून त्याला सोपविण्याचा निर्णयही घेतला. पण तेथील न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. कारण? भारतातील कोठडीत छळ होण्याची भीती.

येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. सरकार द्यायला तयार, कायदाही आड येत नाही, आणि तरीही वाट अडली ती आपल्या तुरुंगांच्या कीर्तीपाशी. अबू सालेमच्या वेळीही पोर्तुगालला भारताने फाशी न देण्याची आणि २५ वर्षांहून अधिक कैदेत न ठेवण्याची हमी दिली, तेव्हा कोठे २००५ मध्ये तो मिळाला. आणि ती हमी पाळावी लागेल, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शब्द दिला की तो पाळायचा, ही पेढीची रीत येथे राष्ट्रालाही लागू पडते. एकदा दिलेली हमी मोडली, तर पुढचा आरोपी कोणता देश सोपवील?

पेढीचा विषय निघाला म्हणून पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी शाखांच्या नावाने हमीपत्रे गेली. त्या हमीपत्रांच्या जोरावर परदेशात कर्ज मिळाले. हमीपत्राचा संदेश बाहेर जात होता, पण बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीत त्याची नोंद होत नव्हती. किर्द एक सांगे आणि खतावणी दुसरेच. २०१८ च्या फेब्रुवारीत प्रकरण उघड झाले. आकडा तेरा हजार कोटींपलीकडे गेला. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा हमीपत्रांची पद्धतच बंद केली. नीरव मोदी इंग्लंडमध्ये पकडला गेला. मेहुल चोक्सी याने २०१७ मध्येच गुंतवणुकीच्या मार्गाने अँटिग्वा या छोट्या कॅरिबियन देशाचे नागरिकत्व मिळविले होते. दोघांनीही आरोप नाकारले आहेत.

पैसे मोजून घेतलेले नागरिकत्व ढाल ठरते काय? चोक्सी एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये, हिऱ्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या अँटवर्प शहरात पकडला गेला. तेथील न्यायालयांपुढे प्रश्न होता, की तो बेल्जियमचा नागरिक आहे काय. तो नव्हता. अँटिग्वाचा कागद बेल्जियममध्ये उपयोगी पडला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने भारताची मागणी ग्राह्य धरली आणि डिसेंबरमध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. भारत आणि बेल्जियम यांच्यातील नव्या कराराला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० मध्ये मान्यता दिली, तेव्हा त्यात एक शहाणपणाची तरतूद नमूद होती. आपला नागरिक द्यावा की न द्यावा हे त्या त्या देशाच्या मर्जीवर. पण तो नागरिक आहे की नाही, हे गुन्हा घडला त्या दिवशीच्या स्थितीवरून ठरवायचे. गुन्ह्यानंतर पळून जाऊन नवे नागरिकत्व घेण्याची वाट त्याने बंद होते. आणि येथेही भारताला काय सांगावे लागले? मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ मध्ये किती जागा, किती उजेड, कसले पाणी मिळेल, याचा तपशील.

हे सारे मोठ्या लोकांचे विषय, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न आज खानदेशातील मध्यमवर्गीय घराच्या ओसरीवर येऊन बसला आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर येथील कितीतरी घरांतील मुले न्यू जर्सीत, दुबईत, सिडनीत आहेत. मुलीचे स्थळ पाहताना शिक्षण, पगार, घर, खानपान या सर्वांची चौकशी होते. एक प्रश्न मात्र संकोचाने विचारला जात नाही: मुलाचे नागरिकत्व कोणते?

हा प्रश्न अविश्वासाचा नाही. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड ही आजीव येण्याजाण्याची सवलत आहे, नागरिकत्व नव्हे. दुर्दैवाने विवाहात छळ किंवा फसवणूक झाली आणि मुलीने जळगावच्या पोलीस ठाण्यात तक्रार केली, तर जावई भारतीय नागरिक असल्यास त्याचा पासपोर्ट जप्त करण्याचे साधन सरकारच्या हाती असते. तो परदेशी नागरिक असल्यास ते साधन नसते. मग उरते प्रत्यार्पण. आणि त्यासाठी आरोपित कृत्य दोन्ही देशांच्या कायद्यांत पुरेशा गंभीर शिक्षेचा गुन्हा असावे लागते. हुंड्याचा जाच आपल्याकडे गुन्हा आहे. दुसऱ्या देशाच्या कायद्यात त्याला त्याच नावाचा खण असेलच असे नाही. अशा वेळी मारहाण, कोंडून ठेवणे, पैशाची अफरातफर या प्रत्येक गोष्टीचा स्वतंत्र पुरावा, बँकेच्या नोंदी, वैद्यकीय कागद आणि तेथील पोलिसांकडे वेळीच केलेली तक्रार हाच आधार ठरतो.

उलट बाजूही तितकीच खरी. आपला मुलगा परदेशात एखाद्या आरोपात सापडला, तर ‘तिकीट काढ आणि घरी ये’ हा आईबापांचा पहिला उद्गार असतो. त्यामागची माया समजण्यासारखी आहे. पण घरी येण्याने आरोप संपत नाही. देशानुसार तो प्रत्यार्पणाची मागणी होऊन मागे येतो, किंवा येथेच खटला होऊन उभा राहतो. पळून आल्याची नोंद मात्र कायमची त्याच्या विरुद्ध जमा होते. तेथेच चांगला वकील पाहणे आणि भारतीय दूतावासाला कळविणे, हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

देशांचे नियम वेगवेगळे आहेत आणि पुढेही राहतील. लग्नाची बैठक ठरली असेल, तर त्या दिवशीच्या यादीत पत्रिका, पगारपत्रक आणि घराचा पत्ता यांच्या खाली आणखी एक ओळ लिहून ठेवावी: पासपोर्ट कोणत्या देशाचा. ती विचारताना आवाज मऊ असावा. पण ती विचारावी.